आफ्रिकेतल्या खेळाडूने ऑनलाइन कॅसिनो आणि पोकर साइट कशी पारखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जोहान्सबर्गला सनिंगहिलमध्ये राहता. ऑफिसातली मंडळी एका साइटवर खेळतात. ती ‘खास आफ्रिकन खेळाडूंसाठी’ म्हणवते. खातं रँडमध्ये, कॅसिनो आणि पोकर दोन्ही, पहिल्या भरण्यावर १०० टक्के बोनस, तळाशी कुरासाव या कॅरिबियन बेटाच्या परवान्याचं चिन्ह. एका मित्राचे १८,००० रँड तीन आठवडे अडकलेत. साइट चांगली की वाईट हे कसं ओळखायचं, आणि मित्राने काय करावं?

मी बारा-तेरा वर्षं अशाच कंपन्यांच्या पेमेंट आणि तपासणी विभागात काम केलं, आधी युरोपात आणि नंतर आफ्रिकेच्या बाजारासाठी. त्यामुळे खेळाडूला साइट कशी दिसते त्यापेक्षा आतल्या टेबलावरून ती कशी दिसते हे मला जास्त ठाऊक आहे. पैसे घ्यायचं काम प्रत्येक साइट उत्तम करते, त्यावरून काहीच कळत नाही. साइटची जात कळते ती पैसे परत देताना. म्हणून मी कुठलीही साइट मागच्या दारापासून तपासायला घेतो.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या बाबतीत ती निर्णायक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या २००४ च्या राष्ट्रीय जुगार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे परवानगीशिवाय ऑनलाइन जुगार चालवणं बेकायदा आहे आणि खेळणंही. २००८ साली ऑनलाइन खेळांना परवाने देण्यासाठी दुरुस्ती कायदा मंजूर झाला, पण तो कधी अंमलात आलाच नाही. म्हणजे तुमच्याकडे ऑनलाइन कॅसिनोचा परवाना हा प्रकारच अस्तित्वात नाही. मग टीव्हीवर ज्यांच्या जाहिराती दिसतात त्या कंपन्या कोण? त्या प्रांतिक मंडळांचा परवाना असलेल्या बुकमेकर, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपन्या, आहेत, वेस्टर्न केप किंवा म्पुमलांगासारख्या प्रांतांच्या. रूलेटचा चेंडू कुठे पडेल यावर ‘पैज’ घेतोय अशा स्वरूपात त्या कॅसिनोचे खेळ देतात. त्यावरून खऱ्या कॅसिनोवाल्यांशी त्यांचे वाद आहेत, पण निदान त्या एका मंडळाला उत्तर द्यायला बांधील आहेत.

आता पोकर बघा. पोकरमध्ये खेळाडू खेळाडूविरुद्ध बसतो आणि घर, म्हणजे साइट, फक्त आपला हिस्सा कापतं. बुकमेकरकडे लावायची ही पैजच नाही. त्यामुळे रँडमध्ये पैसे घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांना पोकरची टेबलं देणारी साइट दिसली, की ती स्थानिक परवान्यावर चाललेली नाही हे परवान्याचा नंबर न बघताही सांगता येतं. तुमच्या मित्रांच्या साइटचं उत्तर इथेच मिळालं.

‘सर्व्हर परदेशात आहे, मग इथला कायदा कसा लागेल?’ हा युक्तिवाद जुना आहे आणि तो कोर्टात हरलेला आहे. स्वाझीलंडमधला, म्हणजे आजच्या एस्वातिनीमधला, पिग्ज पीक नावाचा ऑनलाइन कॅसिनो गाउटेंगमध्ये, म्हणजे जोहान्सबर्गच्या प्रांतात, जाहिरात करायचा. त्यांचं म्हणणं होतं की खेळ आमच्या देशातल्या सर्व्हरवर होतो. २०११ साली सर्वोच्च अपील न्यायालयाने हे फेटाळलं. माणूस गाउटेंगमध्ये बसून बटण दाबतोय, तर जुगारही गाउटेंगमध्येच होतोय. आणि त्याच कायद्यातल्या कलम १६ चा फटका थेट खेळाडूला बसतो. परवाना नसलेल्या ठिकाणी जिंकलेली रक्कम बँकेने तुम्हाला द्यायची नसते. ती राष्ट्रीय जुगार मंडळाकडे जमा करायची असते आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती सरकारजमा होऊ शकते. म्हणजे साइट अगदी प्रामाणिक निघाली, तरी जिंकलेले पैसे तुमचे राहतीलच असं नाही.

हे दक्षिण आफ्रिकेचं झालं. ‘आफ्रिकन खेळाडू’ असा एक माणूस नसतो, चोपन्न देशांचे चोपन्न कायदे असतात. केनियात स्थानिक परवान्याची व्यवस्था १९६६ च्या कायद्यापासून आहे. नायजेरियात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा राष्ट्रीय लॉटरी कायदा रद्द ठरवला आणि हा विषय राज्यांचा आहे असं सांगितलं. त्यामुळे लागोसमध्ये राहणाऱ्याने लागोस राज्याच्या प्राधिकरणाची यादी बघायची. घानात गेमिंग कमिशन आहे, टांझानियात गेमिंग बोर्ड. साइट ज्या देशाचं नाव घेते, त्या देशाच्या नियामकाच्या यादीत कंपनीचं नाव आणि वेबपत्ता दोन्ही सापडले पाहिजेत. नुसतं नाव सापडून उपयोग नाही, कारण दुसऱ्याच कंपनीचा नंबर उचलून स्वतःच्या पानावर चिकटवण्याचे प्रकार मी नेहमी बघितले आहेत. तळाच्या चिन्हावर क्लिक करा. ते नियामकाच्या पानावर गेलं नाही आणि नुसतं चित्रच निघालं, तर पुढे वाचत बसू नका.

कुरासावबद्दल दोन शब्द. तिथे १९९६ पासून चार मोठे मूळ परवानाधारक होते आणि ते आपल्या छत्रीखाली शेकडो साइटना उपपरवाने वाटत. खेळाडूची तक्रार ऐकणारं कुणी जवळपास नव्हतंच. डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि परवाना थेट सरकारी प्राधिकरणाकडून घ्यावा लागतो. सुधारणा नक्कीच आहे, पण एखादी साइट अजूनही जुन्या उपपरवान्याचा नंबर मिरवत असेल तर तो विटलेला कागद समजा. हल्ली अंजुआनचा परवानाही फार दिसतो. अंजुआन हे कोमोरोस देशातलं बेट, म्हणजे आफ्रिकेतलंच, आणि काही जाहिराती या भूगोलाचा फायदा घेऊन ‘आफ्रिकन परवाना’ म्हणतात. त्या परवान्याने जोहान्सबर्ग, नैरोबी किंवा लागोसच्या माणसाला काडीचा हक्क मिळत नाही.

आता मागचं दार. समजा तुम्ही अशा देशात आहात जिथे साइटला स्थानिक परवाना आहे आणि खेळणं कायदेशीर आहे. खातं उघडल्यावर सगळ्यात लहान रक्कम भरा. बोनस नाकारा, तसा पर्याय असतोच. थोडं खेळा आणि उरलेले पैसे लगेच काढायला टाका. जिंकायची वाट बघू नका. या एका फेरीत जे कळतं ते कुठल्याही परीक्षणाने कळत नाही. कागदपत्रं कधी मागितली, पैसे भरण्याआधी की काढताना? उत्तर माणसाने दिलं की तेच तयार वाक्य पुन्हा आलं? पैसे किती तासांनी आले? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज ‘प्रलंबित’ असताना तो रद्द करून परत खेळायचं बटण ठळक दिसत होतं का?

या बटणाची गोम सांगतो. मी एका कंपनीत असताना काढणीचे अर्ज संगणकावर सकाळी नऊलाच तपासून तयार असायचे. तरी आम्हाला ते ४८ तास तसेच ठेवायला सांगितलेलं होतं. कारण तांत्रिक नव्हतं. रात्री अकरा-बारा वाजता माणूस परत साइटवर येतो, समोर त्याचेच पैसे ‘प्रलंबित’ म्हणून लटकलेले दिसतात, आणि तो अर्ज रद्द करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी उघडली की कितीतरी अर्ज नाहीसे झालेले असायचे. त्यातला एक माणूस मला आठवतो. त्याने एकाच रकमेचा अर्ज चार वेळा टाकला, चार वेळा मागे घेतला आणि पाचव्या दिवशी खात्यात काही उरलं नाही. मी ती नोकरी सोडायचं हे मोठं कारण होतं. ब्रिटनने २०२१ मध्ये आपल्या परवानाधारकांना ही सोय बंदच करायला लावली. ज्या साइटवर ती अजून आहे, तिने आपलं उत्पन्न कुठून येतं ते स्वतःच सांगितलंय.

अटींमध्ये काढणीची कमाल मर्यादाही शोधा. ‘आठवड्याला जास्तीत जास्त २०,००० रँड’ अशी ओळ असेल आणि तुम्हाला पाच लाख लागले, तर ते मिळायला पंचवीस आठवडे लागतील, आणि तोवर ते पैसे त्यांच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर. केनियात एम-पेसाची, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेची, स्वतःची मर्यादा आहे, एका व्यवहाराला अडीच लाख शिलिंग. तेवढ्यासाठी रक्कम तुकड्यांनी येणं समजू शकतं. साइटने स्वतःहून घातलेली आठवड्याची मर्यादा ही वेगळी गोष्ट.

एम-पेसाचा विषय निघालाच आहे तर एक सोपी खूण देतो. परवाना असलेल्या केनियन कंपनीचा पेबिल नंबर, म्हणजे एम-पेसावरून तिला पैसे भरायचा नंबर, कंपनीच्या नावावर असतो आणि पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव येतं. ते नाव एखाद्या व्यक्तीचं असेल, किंवा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं वाटावं असं असेल, तर तिथेच थांबा. आणि परवाना असला तरी सगळं सुरक्षित असंही नाही. २०१९ च्या जुलैत केनियाच्या नियामकाने कराच्या वादावरून दोन डझनांहून जास्त कंपन्यांचे परवाने नूतन केले नाहीत आणि एम-पेसा चालवणाऱ्या सफारीकॉमला त्यांचे पेबिल बंद करायला सांगितलं. त्यात देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या होत्या. म्हणून साइटच्या पाकिटाला बँक समजू नये.

कागदपत्रांची पडताळणी हा आफ्रिकेतल्या खेळाडूचा खरा जाच आहे आणि यावर कुणी नीट लिहीत नाही. युरोपात बसलेला तपासनीस ‘पत्ता दाखवणारं तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल’ मागतो. नैरोबीत वीज प्रीपेड टोकनवर. बिलच येत नाही, मोबाइलवर वीस आकडी नंबर येतो. पत्ता म्हणजे पोस्टाचा पेटी क्रमांक. दक्षिण आफ्रिकेतही बऱ्याच घरांत प्रीपेड मीटर आहे. मग कागद नाकारले जातात आणि जिंकलेला माणूस महिनाभर मेल लिहीत बसतो. आपल्या मराठी माणसांची त्यात भर म्हणजे नाव. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एम-पेसावर त्यातली दोनच. नैरोबीत काम करणाऱ्या आपल्याकडच्या एका मुलाची फाइल माझ्यासमोर आली होती. तपासनीसाने त्याच्या वडिलांचं नाव हे आडनाव धरलं होतं आणि ‘खातं दुसऱ्याच्या नावावर’ असा शेरा मारून पैसे रोखले होते. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव वेगळं छापलेलं असतं, ते दाखवून मी ती फाइल सोडवली. पण सोडवणारा मराठी बसलेला असेलच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी मदतकेंद्राला विचारा: माझ्याकडे वीजबिल नाही, बँकेचं स्टेटमेंट चालेल का? खात्यावर नाव असं असं आहे, अडचण येईल का? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. आफ्रिकेत खरोखर धंदा करणाऱ्या साइटकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं.

बोनसचं गणित एकदा स्वतः मांडा, पुन्हा भुलणार नाही. तुम्ही २,००० रँड भरले, त्यांनी २,००० दिले. अट असते, ‘भरणा अधिक बोनस, ३५ पट खेळा’. चार हजारांच्या ३५ पट म्हणजे १,४०,००० रँडच्या पैजा. स्लॉटचा, म्हणजे चित्रांची चाकं फिरवायच्या खेळाचा, परतावा ९६ टक्के धरला तर प्रत्येक शंभरामागे सरासरी चार रँड घराला जातात. १,४०,००० वर ५,६०० झाले. हातात एकूण ४,००० आणि अट पुरी करायचा खर्च ५,६००. रूलेट खेळून अट पुरी करू म्हणाल, तर बहुतेक ठिकाणी रूलेटची पैज दहा टक्केच मोजतात, म्हणजे चौदा लाख खेळावे लागतील. आणखी एक सापळा बारीक अक्षरात असतो: बोनस चालू असताना ठरावीक रकमेपेक्षा मोठी पैज लावली तर सगळं जिंकलेलं जप्त. सॉफ्टवेअर ती पैज अडवत नाही, घेऊ देते, आणि काढणीच्या वेळी बोट ठेवते. जी साइट अशी पैज आधीच अडवते ती माझ्या मते सरळ आहे.

परताव्याच्या टक्क्याबद्दलही सावध राहा. एकच स्लॉट निर्माते वेगवेगळ्या टक्क्यांच्या आवृत्त्यांमध्ये विकतात, ९६ ची असते, ९४ ची असते, त्याहून कमीचीही. चित्रं तीच, गाणं तेच. दहा रँडची फिरकी, मिनिटाला दहा, तासाला ६,००० रँडच्या पैजा. ९६ वर तासाला सरासरी २४० जातात, ९४ वर ३६०. खेळाच्या आतल्या माहितीच्या पानावर तो आकडा असतो, साइटच्या जाहिरातीतला बघू नका. रूलेटमध्ये तर मोजायलाच सोपं: एक शून्य असेल तर चाकावर ३७ खाने आणि घराचा फायदा २.७ टक्के, दोन शून्यं असतील तर ३८ खाने आणि ५.२६ टक्के. दोन शून्यांच्या टेबलावर बसायला कुठलंही कारण नाही.

पोकरची तपासणी निराळी, कारण तिथे लुबाडणारा घरातला असू शकतो किंवा समोर बसलेलाही. १९९९ साली एका सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी त्या काळच्या पोकर साइटची पत्ते पिसायची पद्धत फोडून दाखवली. ५२ पत्त्यांचे क्रम म्हणजे ८ वर ६७ शून्यं, पण ती पद्धत मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावर आधारलेली होती, म्हणजे क्रम फक्त ८ कोटी ६४ लाख. घड्याळ जुळवून घेतल्यावर उरले साधारण दोन लाख. पाच पत्ते दिसले की बाकीचे ओळखता येत होते. गंमत अशी, की पद्धत साइटनेच विश्वास बसावा म्हणून छापली होती. आज स्वतंत्र प्रयोगशाळा हे तपासतात. प्रमाणपत्रावर तुमच्या साइटचं आणि त्या खेळाचं नाव आहे का, तारीख कुठली, एवढं बघा.

दुसरी घटना २००७ ची, ॲब्सोल्यूट पोकर या साइटची. स्पर्धेत हरलेल्या एका खेळाडूने आपल्या हातांची, म्हणजे डावांची, नोंद मागितली, आणि कंपनीकडून चुकून सगळ्यांच्या झाकलेल्या पत्त्यांसकट फाइल त्याला मिळाली. विजेता दुसऱ्यांचे पत्ते बघून खेळत होता हे खेळाडूंनी स्वतः शोधून काढलं, नियामकाने नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: प्रत्येक हाताची नोंद उतरवून घेता येत नसेल, त्या पोकर साइटवर एक सेंटही नको.

आणि खेळाडूंचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत का, हा प्रश्न. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेने मोठ्या पोकर साइटवर कारवाई केली, तेव्हा त्यातल्या फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते फक्त ६ कोटी. अल्डर्नी बेटाचा परवाना होता, चेहरे जगप्रसिद्ध होते. त्यातल्याच पोकरस्टार्सने मात्र खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवले होते, म्हणून अमेरिकन खेळाडूंना लवकर परत केले. पुढच्या वर्षी फुल टिल्ट विकत घेऊन तिथली देणीही मार्गी लावली. अटींमध्ये ‘खेळाडूंचा निधी’ हे शब्द शोधा. काही लिहिलेलं नसेल तर पैसे एकाच डब्यात आहेत असं समजा.

बाकी पोकरमध्ये रेक, म्हणजे साइट कापते तो हिस्सा, साधारण पाच टक्के आणि त्याला कमाल मर्यादा, हे बघा. रात्री आठ ते अकरा लॉबी, म्हणजे टेबलांची यादी, उघडून खरी टेबलं मोजा. दक्षिण आफ्रिकेची वेळ मध्य युरोपच्या जवळजवळ बरोबर चालते, त्यामुळे युरोपशी जोडलेलं नेटवर्क असेल तर तेव्हा गर्दी हवीच. तीच चार नावं रोज एकत्र दिसत असतील तर त्या टेबलावर बसू नका. वीज गेल्यावर, नेट तुटल्यावर हाताचं काय होतं तेही वाचून ठेवा. २०२३ च्या लोडशेडिंगमध्ये ज्यांनी हे वाचलं नव्हतं, त्यांचे चांगले हात आपोआप फोल्ड झाले, म्हणजे डाव सोडला असं धरलं गेलं.

भरण्याची मर्यादा आणि स्वतःला खेळातून बाद करायची सोय किती क्लिकमध्ये सापडते तेही मोजा. भरणा दोन क्लिकवर आणि मर्यादा मेल लिहून, अशी साइट नको. तुमच्यापैकी कुणी हरलेलं भरून काढायला खेळत असेल, तर दक्षिण आफ्रिकेत रिस्पॉन्सिबल गॅम्बलिंग फाउंडेशनचं समुपदेशन फुकट आहे, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. आणि सुटीला घरी, पुण्या-नाशकाला आल्यावर फोनवर तेच खातं उघडू नका. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत, त्यात पोकरही आलं.

आता तुमचा मित्र. त्याला आजच सांगा, अर्ज अजिबात मागे घेऊ नकोस आणि त्या खात्यात पुन्हा एक पत्ताही खेळू नकोस. खात्यातली शिल्लक, अर्जाची तारीख, भरण्याच्या नोंदी, चॅटमधली उत्तरं, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून साइटच्या बाहेर ठेवायचे, कारण खातं बंद केलं की आतलं काहीच दिसत नाही. ‘आधी कर भरा’, ‘पडताळणीसाठी आणखी २,००० भरा, मग सगळं सुटेल’ असा निरोप आला असेल तर ती चोरी आहे. खरी साइट शुल्क घेतलंच तर रकमेतून कापते. ‘अडकलेले पैसे सोडवून देतो’ म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारे लोकही त्याच टोळीतले असतात, त्यांना पासपोर्टची प्रत देऊ नये. तळाशी दिलेल्या परवान्याच्या नियामकाकडे कंपनीचं नाव, वेबपत्ता आणि तारखांसह एक लेखी तक्रार करायची. कुरासावचा परवाना नवा आणि खरा असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. गाउटेंगचं मंडळ हे पैसे मिळवून देऊ शकणार नाही, आणि कलम १६ मुळे ते देशात आले तरी काय होईल ते वर लिहिलंच आहे, त्यामुळे काही करण्याआधी एकदा वकिलाशी बोललेलं बरं. त्याचं कार्ड त्या साइटवर साठवलेलं असेल तर ते मात्र आज संध्याकाळीच बँकेतून बंद करून घ्या.